रँस: एका दिवसाची सहल आणि एक जुनं वैर

आज आपण फ्रान्समधल्या एका शहरात फिरणार आहोत. स्पेलिंग वाचलं तर तुम्ही 'रीम्स' म्हणाल, पण फ्रेंच लोक म्हणतात 'रँस', आणि तेही अर्धं नाकातून. पॅरिसहून वेगवान ट्रेनने जेमतेम पाऊण तास. सकाळी निघून रात्री परत येता येतं. बरेच जण इथे शॅम्पेनसाठी येतात. आपण मात्र बघणार आहोत, की फ्रान्स आणि जर्मनीचं वैर इथे किती पेटलं आणि मग कसं विझलं.

स्टेशनवरून चालत कॅथेड्रल गाठायचं. बांधकामाला सुरुवात झाली १२११ मध्ये. फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो रँसमध्ये. म्हणून पुढे फ्रान्सच्या राजाचा अभिषेक इथेच करायची प्रथा पडली. १७ जुलै १४२९ ला सातव्या चार्ल्सचा अभिषेक झाला, तेव्हा जोन ऑफ आर्क आपलं निशाण घेऊन शेजारी उभी होती. शेवटचा अभिषेक १८२५ चा.

आता दर्शनी बाजूच्या डाव्या दारापाशी या. तिथे एक हसरा देवदूत आहे. मानेकडे नीट बघा. हे डोकं एकदा तुटून खाली पडलं होतं.

सप्टेंबर १९१४. पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालेलं. जर्मन सैन्याने काही दिवस शहर ताब्यात ठेवलं, मग माघार घेतली आणि बाहेरच्या टेकड्यांवरून तोफा डागल्या. १९ सप्टेंबरला कॅथेड्रलच्या बुरुजाभोवतीची लाकडी परांची पेटली. आग छतावर गेली. छताचं शिसं वितळून दगडी पन्हळींच्या तोंडांतून वाहू लागलं. देवदूताचं डोकं खाली पडून फुटलं.

आणि आत गवतावर कोण पडलं होतं? जखमी जर्मन सैनिक! त्यांच्याच सैन्याच्या तोफांनी लावलेली आग त्यांच्यावर आली. त्यांना बाहेर काढायला धावले ते इथलेच पाद्री. बाहेर संतापलेली गर्दी. सगळेच जखमी काही वाचले नाहीत. पण ज्यांनी आपलं देऊळ पेटवलं, त्यांच्याच माणसांना त्याच आगीतून ओढून काढायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पुढची चार वर्षं तोफा थांबल्या नाहीत. लोक शॅम्पेनच्या तळघरांत राहिले, मुलांच्या शाळाही तिथेच भरल्या. युद्ध संपलं तेव्हा शहराचा बहुतेक भाग ढिगारा झाला होता. देवदूताचे तुकडे जपून ठेवले होते, ते जोडून १९२६ मध्ये डोकं परत बसवलं. आर्किटेक्ट हेन्री डनूने छत काँक्रीटचं केलं, म्हणजे पुन्हा पेटायला नको. पैशाला अमेरिकेच्या रॉकफेलरचा हात लागला. १९३८ मध्ये कॅथेड्रल पूर्ण उघडलं. पुढच्याच वर्षी दुसरं महायुद्ध!

युरोपात ते संपलं कुठे, माहितीये? स्टेशनमागच्या लाल विटांच्या एका शाळेत. तिथे आयझेनहॉवरचं मुख्यालय होतं. ७ मे १९४५, पहाटे २ वाजून ४१ मिनिटं. जर्मन जनरल योडलने शरणागतीवर सही केली. पुढे सोव्हिएत आग्रहामुळे बर्लिनला पुन्हा सह्या झाल्या, म्हणून रँसचं नाव मागे पडलं. ती खोली मात्र भिंतीवरच्या नकाशांसकट जपलेली आहे.

शाळा बघून परत कॅथेड्रलसमोर या. मघाशी वर बघण्याच्या नादात पायाखालचं राहिलं असेल. फरशीत एक लेख आहे, फ्रेंच आणि जर्मन, दोन्ही भाषांत. ८ जुलै १९६२ ला फ्रान्सचे द गॉल आणि जर्मनीचे आडेनाउअर इथे एकत्र प्रार्थनेला आले होते. सहा महिन्यांनी दोन्ही देशांत मैत्रीचा करार झाला.

आता आत, अगदी मागच्या टोकाला जा. मधल्या निळ्या काचा १९७४ च्या, मार्क शगालच्या. हा ज्यू चित्रकार नाझींमुळे १९४१ मध्ये फ्रान्स सोडून गेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना लाल, पिवळ्या, निळ्या तुकड्यांच्या काचा दिसतील. त्या २०११ मध्ये बसवल्या. कलाकार आहे इमी क्नोबेल. जर्मन!

रँसने काही विसरलेलं नाही. जोडलेली मान दिसते, शिसं भरलेल्या पन्हळीसुद्धा जपल्यात. पण नवी खिडकी करायची वेळ आली तेव्हा काम जर्मन माणसाला दिलं. आठवण ठेवणं आणि वैर ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या शहरात डोळ्यांनी दिसतं.