खोडत नेलेलं तळं

पॅरिसमध्ये सीन नदीकाठी ओरांजरी नावाचं संग्रहालय आहे. राजवाड्याच्या बागेतली संत्र्याची झाडं हिवाळ्यात थंडीपासून वाचावीत म्हणून ही इमारत बांधली होती. आज तिथल्या दोन लंबवर्तुळाकार दालनांच्या भिंतींवर क्लोद मोनेची आठ चित्रं कायमची चिकटवलेली आहेत. 22 फलक मिळून ती आठ चित्रं होतात. उंची सुमारे 2 मीटर आणि सगळ्यांची लांबी एकत्र धरली तर 90 मीटरच्या वर. त्यांत पाणी आहे, पाण्यावर कुमुदिनी आहेत, विलोच्या लोंबत्या फांद्या आहेत, ढगांची प्रतिबिंबं आहेत. पूल नाही, क्षितिज नाही, माणूस नाही. बाग रंगवायला निघालेला चित्रकार बागेतलं इतकं सगळं पुसून इथवर कसा आला, हे शोधायचं तर ती भिंतींवर लागण्याच्या सुमारे साठ वर्षं मागे जावं लागतं.

1866 च्या उन्हाळ्यात पंचविशीतला मोने पॅरिसजवळच्या व्हिल-दाव्रे गावात राहत होता. बागेतल्या चार स्त्रियांचं अडीच मीटर उंचीचं चित्र त्याने काढायला घेतलं. एवढी मोठी चित्रं तेव्हा स्टुडिओतच व्हायची. मोनेला ती उघड्यावर, खऱ्या उन्हात करायची होती. वरचा भाग रंगवायला शिडीवर चढलं की डोळ्यांची पातळी बदलते आणि उन्हाचा कोनही वेगळा दिसतो. म्हणून त्याने बागेत चर खणला आणि कॅनव्हास कप्पीने खालीवर करायची सोय केली. चित्र हलायचं, चित्रकार जागचा हलायचा नाही. एवढा खटाटोप करूनही शेवटचा हात फिरला तो स्टुडिओतच. 1867 मध्ये अधिकृत सलों प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ते चित्र नाकारलं. ब्रशचे जाड, उघडे फटकारे त्यांना खुपले. मित्र फ्रेडेरिक बाझिल याने ते 2,500 फ्रँकला घेतलं, तेही दरमहा 50 फ्रँकच्या हप्त्याने.

समोर दिसतं ते तिथेच पकडायचं आणि मग आत नेऊन त्यावर पुन्हा हात फिरवायचा, ही ओढाताण मोनेला शेवटपर्यंत पुरली. पुढची वर्षं त्याने भाड्याच्या घरांत काढली आणि जिथे गेला तिथे बाग केली. 1883 मध्ये तो नॉर्मंडीच्या वेशीवर, जिव्हर्नीला आला. तिथलं घरही आधी भाड्याचंच होतं. 1890 मध्ये ते त्याने 22,000 फ्रँकला विकत घेतलं.

याच सुमारास त्याच्या कामाची रीत बदलली. एकाच विषयाचे अनेक कॅनव्हास तो शेजारी ठेवायचा. उजेड बदलला की हातातला बाजूला ठेवून त्या उजेडाचा दुसरा उचलायचा. 1891 मध्ये गवताच्या गंजींची अशी 15 चित्रं पॅरिसमध्ये चित्रविक्रेता द्युरां-रुएलच्या दालनात लागली. त्याच वर्षी एप्त नदीकाठच्या पॉप्लरच्या रांगेवर काम चालू असताना ती झाडं तोडणीसाठी लिलावात निघाली. मोनेने लाकूड व्यापाऱ्याशी सौदा केला: वरचे पैसे मी देतो, चित्रं होईपर्यंत झाडं उभी राहू देत. व्यापारी कबूल झाला आणि मालिका पुरी झाली. निसर्गचित्रकाराचा विषय दुसऱ्याच्या मालकीचा असला की काय होतं, हे मोनेला इथे कळलं असणार. दोनच वर्षांत त्याने स्वतःच्या विषयासाठी जमीन घेतली.

मध्ये रुआंच्या कॅथेड्रलची मालिका झाली. 1892 आणि 1893 मध्ये समोर बसून सुरू केलेले कॅनव्हास त्याने जिव्हर्नीच्या स्टुडिओत नेले, पुन्हा पुन्हा रंगवले आणि त्यांवर तारीख घातली 1894 ची. इमारत समोर नव्हती; समोर होते तिचेच दुसरे कॅनव्हास. तंबोऱ्याच्या तारा एकमेकींवर ताडून जुळवाव्यात तसे तो एका चित्राचे रंग दुसऱ्यावर ताडून जुळवत होता. प्रत्यक्ष दृश्यापासून चित्र सुटायला सुरुवात झाली ती इथून.

1893 मध्ये घेतलेली जमीन घरासमोरच्या रस्त्यापलीकडे, रेल्वेच्या रुळांच्या पल्याड होती. तिथून एप्तचा एक फाटा वाहत होता. त्याचं पाणी वळवून तळं करायची परवानगी मोनेने प्रशासनाकडे मागितली. गावकऱ्यांनी विरोध केला. तळ्यात लावायची परदेशी झाडं वाढली तर पाणी नासेल, अशी त्यांना भीती होती. परवानगी मिळाली, तळं खोदलं गेलं आणि त्यावर जपानी घाटाचा कमानदार पूल आला. जपानमध्ये असे पूल लाल रंगवतात. मोनेने हिरवा रंगवला.

तळ्यातली फुलंही त्या काळात नवीच होती. युरोपातली मूळ कुमुदिनी पांढरी. दक्षिण फ्रान्समधल्या लातूर-मार्लियाक या रोपवाटिकावाल्याने संकर करून पिवळ्या, गुलाबी, लाल जाती काढल्या आणि 1889 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडल्या. मोनेने त्याच्याकडूनच रोपं मागवली. मोनेच्या चित्रांतल्या काळोख्या पाण्यावरचे गुलाबी, लालसर ठिपके त्या संकराचे ऋणी आहेत.

1899 मध्ये त्याने या तळ्याची पहिली मोठी मालिका केली. तिच्यात पूल चित्राच्या मधोमध आहे, मागे झाडांची भिंत आहे, खाली फुलं आहेत. 1901 मध्ये त्याने आणखी जमीन घेऊन तळं मोठं केलं. माळ्यांपैकी एकाला फक्त तळ्याचं काम होतं. तो होडीतून फिरून पिकलेली पानं काढायचा, पानांवरची धूळ धुवायचा, झुबके आटोक्यात ठेवायचा. पानं दाटली की पाणी झाकतं आणि पाणी झाकलं की आभाळ दिसत नाही. शेजारच्या कच्च्या रस्त्यावर मोटारींची धूळ उडते म्हणून मोनेने स्वखर्चाने डांबर टाकून घेतलं. चित्र रंगवण्याआधी विषयावरच फेरहात फिरत होता.

मग एकेक गोष्ट चित्राबाहेर जाऊ लागली. आधी पूल गेला. काही काळ वरच्या कडेला काठाची हिरवी पट्टी राहिली. पुढे तीही गेली. उरलं फक्त पाणी. आभाळ आता वर नव्हतं, पाण्यात होतं. वर काय आणि खाली काय, हे सांगायला तरंगत्या पानांखेरीज काही नव्हतं. अशी चित्रं त्याला सहज साधली नाहीत. प्रदर्शन ठरत होतं आणि पुढे ढकललं जात होतं. 1908 मध्ये त्याने किमान 15 कॅनव्हास नष्ट केले. अखेर 1909 च्या मे महिन्यात 48 चित्रं द्युरां-रुएलकडे लागली.

यानंतर काही वर्षं काम जवळपास थांबलं. 1911 मध्ये पत्नी ऐलिस गेली, 1912 मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, 1914 मध्ये थोरला मुलगा जां गेला. त्याच वर्षी, जुना मित्र आणि राजकारणी जॉर्ज क्लेमांसो याच्या आग्रहाने, मोनेने एक जुनी कल्पना पुन्हा उचलली: दालनभर पाणी. महायुद्ध चालू असताना त्याने बागेत वरून उजेड घेणारा अवाढव्य स्टुडिओ बांधला. सव्वाचार मीटर रुंदीचे फलक चाकांच्या घोड्यांवर उभे केले, म्हणजे ते गोलाकार मांडून एकाची कड दुसऱ्याला कशी भिडते हे पाहता यावं. ऐलिसची पहिल्या लग्नाची मुलगी आणि जांची विधवा ब्लांश त्याच्या मदतीला होती.

तळ्याकाठी केलेले अभ्यास आत आणायचे, मोठ्या फलकावर नव्याने मांडायचे, थर वाळू द्यायचा, आठवड्यांनी वा महिन्यांनी परतायचं आणि वाळलेल्या खरबरीत थरावरून कोरडा ब्रश ओढायचा. खालचा रंग फटींतून दिसत राहतो आणि पाण्याला खोली येते. 1905 मध्ये त्याने पत्रातून आपले रंग सांगितले होते: पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन, गडद मॅडर, कोबाल्ट निळा, एमरल्ड हिरवा. काळा नव्हताच. मोतीबिंदूने दृष्टी पिवळट, धुरकट झाल्यावर तो नळ्यांवरची नावं आणि पॅलेटवरच्या ठरलेल्या जागा यांच्या आधाराने रंग उचलू लागला.

12 नोव्हेंबर 1918 ला, युद्धविरामाच्या दुसऱ्या दिवशी, त्याने क्लेमांसोला पत्र लिहून दोन फलक देशाला देऊ केले. दोनांचे पुढे बरेच झाले. आधी शिल्पकार रोदँच्या संग्रहालयाच्या आवारात स्वतंत्र दालन बांधायचं ठरलं, ते बारगळलं आणि 1921 मध्ये ओरांजरीची जागा पुढे आली. या वाटाघाटींत सरकारने मोनेकडून एक जुनं चित्रही विकत घेतलं, 2,00,000 फ्रँकला: चर खणून काढलेलं, 1867 मध्ये नाकारलं गेलेलं तेच.

12 एप्रिल 1922 ला करार झाला. करार झाला म्हणून चित्रं पुरी झाली नाहीत. 1923 मध्ये डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. रंग पुन्हा वेगळे दिसू लागले आणि जुन्या फलकांवर नवा हात सुरू झाला. मुदती टळत गेल्या. क्लेमांसो इतका चिडला की मैत्री तुटायची वेळ आली. 5 डिसेंबर 1926 ला मोने गेला, तोवर एकही फलक सरकारच्या ताब्यात मिळाला नव्हता. 17 मे 1927 ला दालनं उघडली. चित्रं पुरी झाल्याचं मोनेने कधी ठरवलंच नाही. ते बाहेरूनच ठरत आलं, कधी प्रदर्शनाच्या तारखेने, शेवटी मृत्यूने.

कराराबाहेरचे अनेक फलक सहीविना स्टुडिओत पडून राहिले. 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांतला एक घेतला आणि अमेरिकेची नजर तिकडे वळली. एका तीन फलकांच्या चित्राचे भाग सेंट लुईस, कॅन्सस सिटी आणि क्लीव्हलँड अशा तीन शहरांत गेले. रोदँच्या आवारातल्या दालनासाठी विचारात असलेल्या या चित्राचं नाव ‘अगापँथस’. क्ष-किरणांनी तपासल्यावर क्लीव्हलँडच्या फलकात, खाली डावीकडे, रंगाखाली दडलेलं अगापँथसचं झाड सापडलं. वरच्या थरात आता फक्त पाणी आहे. अगापँथस पाण्यात वाढत नाही, काठावर वाढतो. तो राहिला असता तर बघणारा काठावर उभा राहिला असता. तो गेला आणि तीन फलकांच्या त्या चित्रात उभं राहायला जमीनच उरली नाही. मोनेला तेच हवं होतं, आणि एवढ्यासाठी आधीचं रंगवलेलं फूल खर्ची घालायची त्याची तयारी होती.