पंगत, चाली आणि मंडळी

मराठी ख्रिस्ती उपासनेच्या अभ्यासाकडे वळलेल्या वाचकाला आधी भेटतात ते मिशनचे अहवाल. बाप्तिस्मे किती झाले, शाळेत मुले किती, दुष्काळात धान्य किती वाटले, हे त्यांत मिळते. रविवारी ती माणसे काय गात होती, कोण कोणाशेजारी बसत होते, हे मात्र ओळींमधून हुडकावे लागते. या विषयाची खरी गोडी त्या हुडकण्यात आहे.

संकट आले की मंडळी एक होते, असे आपण सहज म्हणून जातो. कागदपत्रे एवढी भाबडी नाहीत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत, प्लेगच्या धास्तीत, अहमदनगर भागातल्या मंडळ्यांत आलेल्यांत महार होते, मांग होते, आणि त्यांच्यातले जुने अंतर चर्चच्या उंबरठ्यापाशी आपोआप गळून पडले नाही. ब्राह्मण घरांतून आलेल्या मोजक्यांचे सोवळेही तसेच. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात, नवऱ्याजवळ पुन्हा राहू लागल्यावरही, लक्ष्मीबाईंनी शिवाशीव कशी सांभाळली आणि ती कशी सुटली, हे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत त्यांच्याच मिश्कील शब्दांत वाचावे. प्रभुभोजनाच्या मेजापर्यंतची वाट पाण्याच्या तांब्यावरून जाते, हे धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा तिथे लवकर कळते.

गाण्याने जे साधले ते ठरावांनी साधले नव्हते, असे माझे मत आहे. आरंभीची बरीच गीते भाषांतरित, चाली विलायती. कृष्णराव सांगळे यांनी कीर्तन उचलले, टिळकांनी अभंग-ओवी-भजन. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आता पुस्तकावाचून, कानावर पडलेल्या चालीवर साथ धरता येऊ लागली. विलायती चाली जीव लावून गाणारेही पुष्कळ होते. त्यांना परधार्जिणे म्हणून मोडीत काढू नये.

पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती सदन ही वेगळीच कथा. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये, अँग्लिकन पंथात झाला; पण कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्या मावल्या नाहीत. त्यावरून इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो. मध्य प्रांतातून, गुजरातेतून आलेल्या दुष्काळपीडित मुली मुक्ती सदनात एकत्र राहिल्या. १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीत त्या सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, तेव्हा शिस्तीच्या उपासनेला सरावलेले काही जण बिचकले. सूर जुळणे म्हणजेच ऐक्य, की असा कल्लोळही त्यात बसतो? अभ्यासक यावर अजून भांडतात, आणि ते बरे आहे.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा मिळून उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती तिथे मान्य झाल्या. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट मात्र ऐन वेळी बाहेर राहिले. या घटनेवर लिखाण आहे, पण बरेचसे सभांच्या इतिवृत्तांवर बेतलेले.

नव्या अभ्यासकाने इतिवृत्ते जरा बाजूला ठेवून गीतपुस्तकांपासून सुरुवात करावी. ‘उपासना संगीत’च्या निरनिराळ्या आवृत्त्या समोर मांडाव्यात, कोणते गीत आले, कोणते गळले ते टिपावे, आणि मग नगरकडच्या एखाद्या खेड्यातल्या मंडळीत जाऊन त्यांतली कोणती गीते आजही तोंडपाठ आहेत ते विचारावे.