दुतोंड्या मारुतीपासून बहुआपत्ती नकाशापर्यंत

थ्रेड : आपत्तींचे नकाशे कसे घडले, आणि ते काय विसरतात?

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी क्युसेकचा आकडा विचारत नाहीत. ‘पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं?’ हा पहिला प्रश्न. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही शहराची पूरमापक पट्टी. पाणी पायांशी आहे, कमरेला लागले की छातीला, यावरून सराफ बाजारातली लगबग ठरते.

१९ सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर शहरात अधिकृत पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या पाटबंधारे विभागाचे यासंबंधीचे परिपत्रक मात्र १९८९ चे! आपल्याकडे रेषा बहुधा पाणी ओसरल्यावरच उमटते.

भूकंपाचीही तीच कथा. दख्खनचे पठार स्थिर, ही समजूत ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेने मोडली आणि १९७० मध्ये भूकंपक्षेत्रांचा नकाशा बदलला. तरीही किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रातच राहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. २००२ च्या नकाशात पहिले क्षेत्रच रद्द झाले.

किल्लारीने आणखी एक गोष्ट शिकवली : जमीन किती हलेल एवढे कळून भागत नाही, तिच्यावर भिंत कशाची आहे हेही कळावे लागते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या भारताच्या ‘व्हल्नरेबिलिटी अ‍ॅटलास’ने भूकंप, वारा आणि पूर यांच्या नकाशांना जिल्हावार घरांच्या भिंती-छपरांची आकडेवारी जोडली. माझ्या मते आपल्या आपत्ती-इतिहासातले हे फार मोठे, पण फार दुर्लक्षित पाऊल आहे.

२००५ मध्ये जागतिक बँक आणि कोलंबिया विद्यापीठाने साऱ्या जगाचा असा नकाशा मांडला. भूकंप, ज्वालामुखी, दरडी, पूर, दुष्काळ, चक्रीवादळे अशी सहा संकटे एकत्र. विकसनशील देशांत स्थानिक नोंदी तुटपुंज्या, म्हणून अशा ढोबळ नकाशाचे मोल मोठेच. पण त्यात जोखमीचे वजन ठरले ते १९८१ ते २००० या वीस वर्षांतील हानीवरून. म्हणजे कोयना बाहेर, १९६९ चा गोदावरीचा पूर बाहेर आणि १९७२ चा दुष्काळही बाहेर. अभिलेखागारात बसणाऱ्यांना इथे खरे काम आहे.

शिवाय संकटे एकमेकांत गुंतलेली असतात. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी-त्र्यंबकला धो धो पाऊस, तर येवला-नांदगावला टंचाई. उन्हाळ्याच्या भीतीने धरण भरून ठेवावे, तर पावसाळ्याच्या शेवटी मोठा पाऊस सामावून घ्यायला जागा उरत नाही. दुष्काळाचा नकाशा आणि पुराचा नकाशा असे गंगापूर धरणाच्या दारांशी एकमेकांना भेटतात.

आणि जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात सगळेच नकाशे एकत्र येतात. निळ्या रेषेच्या आत असल्याने पुनर्बांधणीवर निर्बंध, दर पावसाळ्यात भिंतीत मुरणारे पाणी, आणि खाली भूकंपाचे तिसरे क्षेत्र.