डोळा बाहेर जातो काय?

मीठ-मोहऱ्या उतरवून दृष्ट काढणाऱ्या आजीने न्यायशास्त्र वाचलेले नसते. पण कुणाची तरी नजर निघाली आणि पोराला जाऊन लागली, हे तिचे गृहीत नैयायिकांना परके वाटले नसते, असे मला ही प्रकरणे वाचताना वारंवार जाणवले.

शास्त्रातला शब्द आहे 'प्राप्यकारी', म्हणजे विषयाला भिडून काम करणारे इंद्रिय. जीभ, नाक, त्वचा यांबद्दल फारसे भांडण नव्हते, भांडण डोळ्याचे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातली भूमिका अशी, की डोळा तेजाचा असून त्याचा किरण बाहेर पडून वस्तूला भिडतो. मग तो दिसत का नाही? त्याचे रूप प्रकट नसते. मात्र रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत तो दिसतो. मांजराच्या डोळ्यांवर उभा केलेला हा पुरावा मला लोभस वाटतो. निष्कर्ष चुकला, निरीक्षण नाही.

बौद्ध आचार्य दिङ्नागाने विचारले : भिडूनच कळत असेल, तर वस्तू दूर आहे हे कसे कळते? इवल्या डोळ्याला एवढा डोंगर कसा दिसतो? आणखी एक आक्षेप असा, की डोळा उघडताच जवळची फांदी आणि आकाशातला चंद्र एकदमच दिसतात. त्यावर उद्द्योतकराचे उत्तर : कमळाच्या शंभर पाकळ्या सुईने एकदम टोचल्यासारख्या वाटतात; काळ जातो, तो जाणवत नाही.

ही चिकाटी हट्टाची नव्हती. इंद्रिय आणि अर्थ यांच्या संनिकर्षातून उपजते ते प्रत्यक्ष, अशी न्यायाची व्याख्याच आहे. डोळा भिडत नसेल, तर आपण जग पाहतो या म्हणण्याचा आधारच सुटतो. जैनांनी मात्र डोळा आणि मन ही दोनच अप्राप्यकारी मानली.

सतराव्या शतकातल्या 'वेदान्तपरिभाषे'त धर्मराज अध्वरींद्रांनी डोळ्यातून अंतःकरणालाच बाहेर धाडले. तळ्याचे पाणी पाटाने वाफ्यात शिरते आणि वाफ्याचा चौकोनी आकार घेते, तसे अंतःकरण विषयाचा आकार घेते. दारे धरलेल्या शेतकऱ्याला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागणार नाही. पण पाण्यालाही हद्द आहे. डोंगरावर धूर दिसला, तर अंतःकरण डोंगरापर्यंत जाते. विस्तवापर्यंत जात नाही. म्हणून त्यांच्या मते डोंगर प्रत्यक्ष, विस्तव मात्र परोक्षच.