कॉम्प्युटर सुरू करताना दोन विंडोज दिसतात? जुनं नाव असं काढा, पण फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

सातारा/सांगली : कॉम्प्युटर चालू केला की निळ्या पडद्यावर दोन नावं येतात. एक विंडोज १०, दुसरं विंडोज ११. कधी दोन्हीकडे विंडोज १० असंच लिहिलेलं असतं. कुठलं दाबायचं ते घरातल्या एकालाच माहीत, आणि तो नेमका रानात गेलेला असतो. न दाबता बसलं तर अर्धा मिनिट वाया जातो आणि कधीकधी भलतंच विंडोज उघडतं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्याही आधी, १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा संपला होता. अशा वेळी जुन्या मशीनला नवी एसएसडी लावून तिच्यावर नवी विंडोज मारून घेतली जाते, आणि जुनी डिस्क 'राहू दे, त्यात फोटो आहेत' म्हणून तशीच ठेवली जाते. दोन नावं दिसण्याचं हे एक नेहमीचं कारण. कुणी शिकण्यासाठी उबंटू किंवा सी-डॅकचं बॉस लिनक्स टाकलेलं असतं, तेही नंतर तसंच राहून जातं.

आधी एवढं समजून घ्या

मेनूतलं नाव आणि डिस्कवरची विंडोज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव म्हणजे दारावरची पाटी, विंडोज म्हणजे आतलं घर. पाटी काढली म्हणून घर पडत नाही, आतल्या फाईल जागेवरच राहतात. पण पाटी तशीच ठेवून घर पाडलं, म्हणजे थेट डिस्क फॉरमॅट केली, तर मशीन सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. म्हणून क्रम कायम हाच ठेवा : आधी फाईल काढून घ्या, मग नाव काढा, आठ-पंधरा दिवस वापरून बघा, आणि मगच जागा मोकळी करा.

पहिलं काम : जुन्यातल्या फाईल बाहेर काढा

नवीन विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडा. जुन्या विंडोजचा सी ड्राईव्ह इथे डी, ई अशा दुसऱ्या अक्षराने दिसेल. त्यात 'यूजर्स' फोल्डर, त्यात तुमचं नाव आणि आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. परवानगी नाही असा मेसेज आला तर 'कंटिन्यू' दाबा. हे सगळं पेन ड्राईव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.

तीन गोष्टी हमखास विसरतात. एक, टॅली किंवा दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचा डेटा. तो डॉक्युमेंट्समध्ये नसतो, त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो. दोन, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी कागद. तो फॉन्ट नव्या विंडोजमध्ये नसेल तर अर्ज, ठराव, लग्नपत्रिका सगळं चित्रविचित्र अक्षरांत दिसतं. म्हणून अशा चार फाईल नव्या विंडोजमध्ये उघडून, वाचून बघा. तीन, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड.

दोन्ही विंडोज असतील तर नाव काढायची रीत

१. जी विंडोज ठेवायची आहे तीच सुरू करा.

२. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण धरून 'आर' दाबा. छोटी चौकट येईल. त्यात एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही आठ इंग्रजी अक्षरं जागा न सोडता टाइप करून एंटर दाबा.

३. वरच्या पट्टीतलं 'बूट' निवडा. दोन्ही नावं दिसतील. ज्याच्यापुढे 'करंट ओएस' लिहिलंय ती आत्ता चालू असलेली विंडोज. तिला हात लावू नका. दोन्ही नावं सारखी असली तरी या खुणेवरून फरक कळतो.

४. 'डिफॉल्ट ओएस' दुसऱ्या नावापुढे असेल तर आधी चालू विंडोज निवडून 'सेट ॲज डिफॉल्ट' करा.

५. आता जुनं नाव निवडा, 'डिलीट' दाबा, मग 'अप्लाय', 'ओके' आणि रीस्टार्ट.

मेनू आला नाही म्हणजे काम झालं. नाव काढायची भीती वाटत असेल तर याच पानावरचा 'टाइमआउट' ३० सेकंदांवरून ५ वर आणा. जुनी विंडोज राहील, वाट बघणं वाचेल.

'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर दिसलं तर घाबरू नका. ती दुसरी विंडोज नव्हे. जुन्यावरच नवी चढवली की मागची प्रत त्यात राहते. साधारण १० दिवसांनी ती आपोआप जाते.

खरा धोका : दोन डिस्क असतील तर

नवी विंडोज एसएसडीवर बसवताना जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच असेल, तर मशीन सुरू करणाऱ्या फाईल कधीकधी त्या जुन्या डिस्कवरच राहतात. म्हणजे घर नवं, पण किल्ली जुन्या वाड्यात. ती डिस्क फॉरमॅट केली की दुसऱ्या दिवशी काळा पडदा.

तपासायचं असं : स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. 'बूट' लिहिलेला भाग म्हणजे चालू विंडोज. 'सिस्टिम' किंवा 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' लिहिलेला भाग म्हणजे सुरू करणाऱ्या फाईल. नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे. 'बूट' एका डिस्कवर आणि 'सिस्टिम' फक्त दुसऱ्या डिस्कवर असेल तर तिथेच थांबा. सुरू करणाऱ्या फाईल आधी नव्या डिस्कवर घ्याव्या लागतात. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

डेस्कटॉप असेल तर याहून सोपी परीक्षा आहे. मशीन बंद करा, वीज काढा, जुन्या डिस्कची केबल सोडवा आणि चालू करून बघा. विंडोज नेहमीसारखी आली तर जुनी डिस्क फॉरमॅट करायला हरकत नाही. नाही आली तर केबल परत लावा. काहीही बिघडलेलं नसतं.

लिनक्स काढायचं असेल तर

लिनक्सचं नाव वरच्या यादीत दिसत नाही, कारण तिथे मेनू विंडोजचा नसून लिनक्सच्या 'ग्रब'चा असतो. आधी लिनक्सचे भाग उडवले तर ग्रब स्वतःच अडकतो आणि मशीन विंडोजपर्यंत जात नाही.

नव्या मशीनमध्ये आधी बायोसमध्ये जा. डेलमध्ये एफ-२, एचपीमध्ये एफ-१०, लेनोव्होमध्ये बहुधा एफ-१ किंवा एफ-२. तिथे बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर आणा. विंडोज थेट सुरू होते हे दोन-तीनदा बघा. मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचे भाग डिलीट करा. त्यांना ड्राईव्हचं अक्षर नसतं. पण 'ईएफआय सिस्टिम' आणि 'रिकव्हरी' या भागांनाही अक्षर नसतं, त्यांना धक्का लावू नका. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये आधी विंडोजच्या पेन ड्राईव्हवरून बूट दुरुस्त करावं लागतं, ते दुकानातून करून घेतलेलं बरं.

बायोस बदलताना आणखी एक. विंडोज ११ मध्ये बिटलॉकर चालू असेल तर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी शोधून वहीत लिहून ठेवा, मगच बायोसला हात घाला.

जागा मोकळी करताना

जुना भाग फॉरमॅट केला की तो साधा ड्राईव्ह म्हणून वापरता येतो. तो सी ड्राईव्हला जोडायचा असेल तर मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे असावी लागते, नाहीतर 'एक्स्टेंड' दाबता येत नाही. चालू विंडोजचा ड्राईव्ह फॉरमॅट करायला विंडोज स्वतःच नकार देते. तुमच्या फाईल असलेल्या ड्राईव्हला मात्र ती अशी राखण देत नाही, म्हणून अक्षर आणि जीबीचा आकडा दोनदा वाचा. लाईट जायच्या वेळेत हे काम काढू नका. लॅपटॉप चार्जरवर आणि डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा.

विकास सोसायटी, ग्रामपंचायत किंवा शाळेचं मशीन असेल तर सचिव, ग्रामसेवक किंवा मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय काहीच काढू नका. जुन्या विंडोजमध्ये संस्थेचा हिशेब असू शकतो.

चूक झालीच तर

फॉरमॅटनंतर मशीन सुरू होत नसेल तर नवी विंडोज सहसा शाबूत असते, फक्त सुरू करणाऱ्या फाईल गेलेल्या असतात. त्या परत तयार करता येतात. दुकानात गेल्यावर आधी हेच सांगा : 'विंडोज पुन्हा मारू नका, बूट दुरुस्त होतंय का बघा.' आणि चुकून फाईलवाला ड्राईव्ह फॉरमॅट झाला तर त्यावर नवीन काहीही कॉपी करू नका, मशीन बंद करा. वर नवीन काही लिहिलं गेलं नाही तर, विशेषतः जुन्या हार्ड डिस्कवरून, फाईल परत मिळण्याची आशा राहते. एसएसडीवर ती फार कमी असते.