शाळेंतील जागेसाठीं अपील : धारवाडचा अर्ज व नाशिकचा नसलेला कागद

गतवर्षीं ज्येष्ठांत, शाळा नुकत्याच उघडल्या असतां, नाशिकच्या पंचवटींतील एक बाई आमच्याकडे अर्ज लिहून घेण्यासाठीं आल्या. त्यांचा सात वर्षांचा मुलगा बोलण्यांत व समजण्यांत मागें असल्यामुळें दोन शाळांनीं त्यास घेतलें नव्हतें. नकाराचें पत्र दाखवा, असें आम्हीं म्हणतांच त्या उत्तरल्या, "पत्र कुठलं, गुरुजी? तोंडीच सांगितलं." जुने कागद वाचण्यांत आमचीं तीस-पस्तीस वर्षें गेलीं, परंतु ज्या निकालाचा कागदच नाहीं त्यावर अपील कसें लिहावें हें आम्हांस सुचेना. त्या निमित्तानें जुनीं टिपणें चाळलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों.

मुंबई इलाख्यांतील अशा अपिलाचें ठळक जुनें उदाहरण धारवाडचें होय. १८५६ च्या जून महिन्यांत तेथील एका महार मुलानें मुंबई सरकारकडे अर्ज केला कीं, आपणास सरकारी शाळेंत प्रवेश नाकारण्यांत आला आहे. सरकारनें २१ जुलै १८५६ रोजीं ठराव केला. त्याचा आशय असा कीं, तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे खरा; परंतु एका किंवा थोड्या व्यक्तींकरितां पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींस एकदम हात घातल्यास शिक्षणाच्या कार्याचीच मोठी हानि होईल; शिवाय अर्जदाराची अडचण या सरकारनें निर्माण केलेली नाहीं. हें हिंदुस्थान सरकारास पटलें नाहीं. जातीवरून मुलास नाकारावयास नको होतें, असें त्यानें २३ जानेवारी १८५७ च्या पत्रानें कळविलें. पुढें विलायतेंतील कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनें २८ एप्रिल १८५८ च्या खलित्यांत सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या आहेत हें तत्त्व स्पष्ट केलें. अर्जापासून खलित्यापर्यंत सुमारें बावीस महिने गेले. मुलाच्या वयांत बावीस महिने म्हणजे जवळजवळ दोन इयत्ता. आणि तत्त्वाचा जय झाला म्हणून त्यास बाकावर जागा मिळाली, असें या कागदांवरून म्हणतां येत नाहीं.

धारवाडच्या मुलास जन्मजातीवरून नाकारलें, पंचवटींतील मुलास व्यंगावरून. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि त्या एक मानणें दोघांवरही अन्याय होईल. तथापि नाकारणाराची कारणमीमांसा अक्षरशः तीच आहे. एकासाठीं सर्वांचें नुकसान कसें करावें, इतर पालक काय म्हणतील, आणि ही अडचण आम्हीं थोडीच निर्माण केली? त्या बाईंस दोन्ही शाळांत हेंच ऐकावें लागलें होतें. १८५६ च्या ठरावाची प्रत त्या मुख्याध्यापकांनीं पाहिली असण्याचा संभव नाहीं.

आमच्या शास्त्रांत याविषयीं काय आहे, असा प्रश्न साहजिक उठतो. मनूनें नवव्या अध्यायांत जन्मांध, बधिर, जड, मूक इत्यादिकांस दायांत वांटा नाकारला, मात्र त्यांच्या अन्नवस्त्राचा भार वारसांवर टाकला. अध्ययनाच्या दारांतही हीच कठोरता असेल असें आम्हांस वाटत असे. परंतु बौधायनगृह्यशेषसूत्रांत जड, बधिर व मूक यांच्या उपनयनाचा निराळा विधि दिला आहे, आणि म. म. पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्रेतिहासाच्या दुसऱ्या खंडांत (१९४१) त्याची दखल घेतली आहे. अश्मारोहण, वस्त्रपरिधान, मेखलाबंधन, दंडदान हें सर्व मुकाट्यानें व्हावयाचें. बटूनें आपलें नांव सांगावयाचें नाहीं. आहुति आचार्यानेंच द्यावयाच्या व मंत्रही त्यानेंच हळू म्हणावयाचे. म्हणजे बटूस जें साधत नाहीं तें आचार्यानें आपल्या अंगावर घ्यावयाचें. विधि बदलला, बटु परत पाठविला नाहीं. अर्थात् हें औदार्य त्रैवर्णिकांपुरतें होतें. धारवाडच्या अर्जदारास त्याचा कांहीं उपयोग नव्हता, हेंही येथेंच नमूद केलें पाहिजे. निबंधकारांतही अशांचे संस्कार करावे किंवा नाहीं याविषयीं मतभेद आहेत.

आजचा कायदा थोडक्यांत सांगतों. २००९ च्या बालशिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस जवळच्या शाळेंत हक्क दिला, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें अपंग मुलांचा त्यांत स्पष्ट समावेश झाला. प्रवेशासाठीं मुलाची अगर पालकांची परीक्षा घेणाऱ्या शाळेस पहिल्या वेळीं २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार लेखी करावयाची ती स्थानिक प्राधिकरणाकडे. त्यानें तीन महिन्यांत निर्णय द्यावयाचा. त्यावर अपील राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे. बहुविकलांग व तीव्र विकलांग मुलांस घरीं शिकण्याची मुभाही त्याच दुरुस्तीनें दिली. ही निवड मुलाच्या बाजूची आहे, शाळेची नव्हे. व्यवहारांत मात्र ती सुचविण्याची घाई शाळेसच अधिक होते. २०१६ च्या अपंग व्यक्ति हक्क कायद्यानें, सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या संस्थांनीं भेदभावाविना प्रवेश द्यावा, असें म्हटलें आहे. ज्यांस वेगळी शाळाच हवी त्यांच्यासाठीं नाशिकांत १९७७ पासून रजनीताई लिमये यांची प्रबोधिनी आहे. ती निघाली तेव्हां यांतील एकही कायदा नव्हता.

आतां एक गोष्ट आमच्याविषयीं. १९९८ सालीं आम्ही एका शाळेच्या प्रवेशाचें काम पाहत होतों. एक गृहस्थ कानांनीं अधू असलेल्या मुलीस घेऊन आले. इतक्या मोठ्या वर्गांत तिचेंच नुकसान होईल, असें आम्हीं त्यांस गोड शब्दांत समजाविलें. त्यांनीं अर्ज घडी करून खिशांत ठेविला, नमस्कार केला व ते गेले. अपंगांविषयींचा १९९५ चा कायदा तेव्हां अमलांत होता. आम्हीं तो वाचला नव्हता. यंदा त्या वर्षाचें जनरल रजिस्टर मुद्दाम पाहिलें. अनुक्रमांकांत एकही खंड नाहीं. अशा रजिस्टरांवरून गांवच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पंचवटींतील बाईंस आम्हीं अर्ज लिहून दिला. प्रवेश द्यावा, अथवा नकार सकारण व लेखी द्यावा, एवढीच त्यांत मागणी होती. दुसऱ्या शाळेनें प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का दिला, आणि आठव्या दिवशीं मुलास बोलाविलें. लेखी नकार दिलाच नाहीं.

धारवाडचें प्रकरण आपणांस ठाऊक आहे तें त्या मुलानें अर्ज केला म्हणून. ज्या संग्राहकांकडे किंवा त्यांच्या परिचयांत असे प्रवेशाचे अर्ज, परत आलेलीं पत्रें, शिक्का मारलेल्या प्रती असतील, त्यांनीं त्या रद्दींत घालूं नयेत, मंडळास कळवावें. नक्कल करतांना मुलाचें नांव झांकावें. तारीख, शिक्का व आवक क्रमांक मात्र जसेच्या तसे उतरून घ्यावे.