हलकी होडी आणि तिची निगा

पुण्याला समुद्र नाहीं. पण शिडाची होडी आहे. मुठेवरील धरणानें खडकवासल्याचा जलाशय निर्माण झाला, आणि त्याच्या कांठीं १९५५ सालीं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें उद्घाटन झालें. शिडाची होडी हांकणें हा तेथील छात्रांच्या शिक्षणाचा एक भाग आहे.

कोंकणांत ही विद्या जुनी. कान्होजी आंग्र्यांच्या गलबतांना शिडें होतीं, तशीं वल्हींहि होतीं. वारा पडला कीं वल्हीं कामास येत. शर्यतीच्या होडीला मात्र वल्ह्याची मनाई. सारी भिस्त वाऱ्यावर! तो समोरून आला तर होडी नागमोडी न्यावी लागते. वाऱ्याशीं सुमारें ४५ अंशांचा कोन राखून एकदां उजवीकडे, एकदां डावीकडे. बुडांतून पाण्यांत सोडलेली मधली फळी तिला आडवी घसरूं देत नाहीं. शिडाची पुढची कड फडफडली, तर दोर किंचित् ओढावा; ती स्थिर होतांच थांबावें. अधिक ओढल्यास वेग मरतो. होडी कलूं लागली, तर बसणारांनीं वाऱ्याच्या बाजूस सरून तोल सांवरावा.

अशा होडीचें बळ तिच्या हलकेपणांत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लांकडाचे पातळ थर पाण्यास न सुटणाऱ्या सरसानें जोडलेल्या फळ्या सुलभ झाल्या. त्यांच्याच आधारें जॅक होल्ट यांनीं १९५६ सालीं ‘एंटरप्राइझ’ आणि पीटर मिल्न यांनीं १९६२ सालीं ‘फायरबॉल’ या दोघांनीं चालवावयाच्या होड्या आंखल्या. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईस झाल्या. त्यांत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनीं ‘फायरबॉल’मध्यें भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें.

परंतु जी होडी हलकी, तिला ओलावा हा शत्रु. लांकूड पाणी प्यालें कीं जड होतें, आणि पुढें कुजतें. म्हणून कांठावर येतांच बूच काढून आंतलें पाणी निथळूं द्यावें. समुद्रावरून आल्यास गोड्या पाण्यानें धुवावें. शीड सावलींत वाळवून मगच गुंडाळावें. दोर कोठें झिजला आहे का, तें हातानें चांचपून पाहावें. आमचे कोळी बांधव पावसाळ्यांत होड्या वर ओढून त्यांना तेल देतात, तीहि हीच दक्षता.

हें काम नोकरावर सोंपवूं नये. ज्यानें होडी हांकली, त्यानेंच ती धुवावी. नाहीं तर दोराची झीज त्याला भर वाऱ्यांत, दोर तुटल्यावरच कळेल.